दोन आई, दोन मुली

कवळीच्या साच्यावरचं जादा मेण ती पात्याने खरवडत होती, तेवढ्यात मुलीने गणिताची वही तिच्या कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या भुकटीतच उघडी करून ठेवली.

“सही कर. बाईंनी सांगितलंय.”

तिने हात पुसले. पानाच्या वरच्या बाजूला एक कोडं लिहून घेतलेलं होतं. टेबलाशी दोन आई आणि दोन मुली बसल्या, तरी खुर्च्या तीनच लागल्या. हे कसं, ते आपल्या घरातल्या माणसांची नावं घेऊन सांगायचं होतं. खाली मुलीचं गोलसर अक्षर: आजी, आत्या, मी. त्यापुढे लाल शाईचं प्रश्नचिन्ह आणि बाईंचा शेरा, ‘पालकांनी पाहावे.’

तिने पान पुन्हा वाचलं. आजीची मुलगी आत्या. आत्याची मुलगी… तिने सही केली. नेहमीची सही, पण शेवटची रेघ पानाबाहेर गेली.

मुलगी वही घेऊन उड्या मारत आत गेली. ती मात्र खरवडायचं विसरून पातं हातात धरून बसून राहिली.

नऊ वर्षांपूर्वी थोरल्या नणंदेने, दोन लहान मुलगे असताना झालेली ही तिसरी, दहा दिवसांची असताना मूल होत नसलेल्या भावजयीच्या, म्हणजे तिच्याच, हातात दिली होती. रीतसर कागद झाले होते. मुलगी कळती झाली की सांगायचं, असं ठरलं होतं, आणि कळती म्हणजे केव्हा हा विषय कुणी परत काढला नव्हता. नणंदेचे यजमान आता हयात नव्हते. ती स्वतः सोडली, तर हे तिघांनाच ठाऊक होतं. म्हणजे या तिघांपैकीच कुणाचं तरी तोंड उघडलं होतं.

पहिला संशय सासूबाईंवर गेला. हल्ली त्या एकट्याच बोलत बसायच्या. स्वेटरची बाही विणत होत्या, तिथे जाऊन तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, नात जुन्या गोष्टी विचारते का म्हणून. सासूबाईंनी टाके मोजणं थांबवलं. मला एवढंही कळत नाही असं वाटतं का तुला, एवढंच म्हणाल्या, आणि मग सबंध संध्याकाळ बोलल्या नाहीत. ते मौन दुखावल्याचं होतं की पकडल्याचं, हे तिला ठरवता येईना.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला, तेव्हा बूट काढायच्या आतच तिने त्याला गाठलं. शाळेचं कोडं आहे, तू त्यात भलतंच काय वाचतेस, असं म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. पण हसताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बुटाची नाडी सोडायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. तेही तिने मनात टिपून ठेवलं.

मग तिने नणंदेला फोन लावला. नणंद बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायची. मागे गाड्यांची घोषणा चालू होती.

“ताई, तुम्ही तिला काही बोललात का?”

नणंदेने घोषणा संपू दिली.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “आम्हा दोघींचे कान एकसारखे आहेत, म्हणून नऊ वर्षांत मी तिच्याशेजारी उभी राहून एक फोटो काढला नाही. आणि मी बोलणार?”

तिने फोन ठेवला. कानांचं तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. संशय मात्र गेला नाही. त्याने फक्त जागा बदलली. इतकी वर्षं इतकं जपणाऱ्या बाईच्या मनात काय काय साचलं असेल, या विचाराने तिला आता जास्तच धास्ती वाटू लागली.

स्वयंपाकघरात मुलगी पाय हलवत जेवत होती. ती समोर बसली.

“ते कोड्याचं उत्तर तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझं मीच काढलं.” मुलीने तोंडातला घास संपवला. “आजी आई आहे, बाबांची. आत्या पण आई आहे, दोन्ही दादांची. झाल्या दोन आई. आणि आत्या आजीची मुलगी, मी तुझी मुलगी. झाल्या दोन मुली. कुणी कुणाची असायचं, ते कोड्यात कुठे लिहिलंय?”

ती मुलीकडे बघतच राहिली. पाठीतला ताण एकदम सुटला. तिला हसू आलं, आणि ते थांबवता येईना.

“मग मला का नाही घेतलंस त्यात?”

“तू बसत नाही ना. तुझी आई काही आपल्या घरात नाही.” मुलीने बोटाने ताटात रेघ ओढली. “बाईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्या तुझी आई असती तरच हे बरोबर.”

“बाईंना कळलं नाही तुझं.”

“हो ना.” मुलीने आणखी एक घास घेतला. मग ताटातून मान वर न करता म्हणाली, “पण तू आजीला विचारलंस, बाबांना विचारलंस. आत्याला फोन केलास. एका चुकलेल्या गणितासाठी?”

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. शाळा, शेरा, अभ्यासाकडे लक्ष, असं काहीतरी. ते ओठांपर्यंत आलंही. मुलगी आता मान वर करून बघत होती, आणि केस मागे बांधलेले असल्यामुळे तिचे कान स्वच्छ दिसत होते.

“आधी नीट जेवून घे,” ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने पुन्हा फोन लावला.

“ताई, खिडकी बंद झाली की इकडे या.”

“तिला कळलं?”

“नाही. पण तिने विचारलंय.”

 नणंदेने अगदी हळू विचारलं, “काय सांगायचं तिला?”

“ते मी सांगेन. तुम्ही नुसतं या. मला एकटीला जमणार नाही.”