धोंडिरामची कबुली

माधुरी साळवे बोरीवलीच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं गुन्हेगारीशास्त्र शिकवत होती. दर डिसेंबरात ती विद्यार्थ्यांना घेऊन पालघरकडच्या एका पाड्यावर जायची. शाळेच्या ओट्यावर बसून तिथल्या लोकांना सांगायची, पोलिसांनी धरलं तर काय विचारायचं, कोऱ्या कागदावर अंगठा का उठवायचा नाही. आणि दरवेळी बजावायची, "जे केलं नाही ते कबूल करायचं नाही. कोणी कितीही घाबरवलं तरी."

त्याच पाड्यावरचा धोंडिराम हे पोरवयापासून ऐकत आलेला. मालाडला बांधकामावर बिगारी म्हणून गेला आणि तिथून तांब्याची वायर चोरीला गेली, तेव्हा पोलिसांनी त्यालाच उचललं. दोन दिवस मार खाल्ला, पण तो म्हणत राहिला, "म्या नाय घेतली." त्याची बायको सोनूबाई पत्ता विचारत विचारत कांदिवलीला माधुरीच्या दारात आली.

"बाई, तुमी सांगलं तसंच केलं त्यानं. आता सोडतील ना?"

"सोडतील," माधुरी म्हणाली. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

माधुरीकडे वकिलीची सनद नव्हती. तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी श्रुतिका आता गरिबांचे खटले फुकट लढायची. तिनं वकीलपत्र घेतलं. वर्ष उलटल्यावर जामीन मिळाला, पण जामीनदार हवा होता. माधुरी स्वतः उभी राहिली. तिची कागदपत्रं पडताळणीला पोलीस ठाण्यात गेली आणि तिथेच पडून राहिली. ती दर सोमवारी जायची. "साहेब बंदोबस्ताला गेलेत मॅडम," एवढंच उत्तर मिळायचं. असे सात महिने गेले. तुरुंगात धोंडिराम खोकायला लागला होता.

मग एका दुपारी सोनूबाईचा फोन आला. "बाई, सुटला!"

माधुरी तडक श्रुतिकाच्या ऑफिसात गेली. श्रुतिकानं खुर्ची पुढे केली, पण वर पाहिलं नाही.

"कसा सुटला गं?"

"गुन्हा कबूल केला, मॅडम. भोगली तेवढीच शिक्षा धरली कोर्टानं."

"त्यानं चोरी केली नव्हती, श्रुतिका."

"माहितीये मला. पण खटला उभा राहायला अजून दोन वर्षं लागली असती. तुमचं तत्त्व जपायला त्याला आत सडत ठेवू का? तुम्हीच सांगा ना."

 सव्वीस वर्षं माधुरीनं असल्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहिली होती. श्रुतिका चुकली नव्हती, आणि हेच तिला सोसवेना.

त्या डिसेंबरात ओट्यावर सोनूबाई आणि दोन म्हाताऱ्या, एवढेच लोक आले. धोंडिराम झोपडीबाहेर बसून होता. माधुरी त्याच्याजवळ गेली तसा तो म्हणाला, "रागवू नका बाई. लई दिस नाय नाय म्हनलं. कोनी आयकलंच नाय."

"तुझ्यावर नाही रे रागावले," ती म्हणाली.

पाड्यावर काम नव्हतं. होळीनंतर तो पुन्हा मालाडला गेला, वेगळ्या इमारतीवर. तिथूनही वायर गेली. पोलीस ठाण्यात त्याचं नाव नोंदलेलं होतंच. पोलीस सरळ त्याच्याकडेच आले.

माधुरी ठाण्यात पोचली तेव्हा हवालदार लिहीत बसला होता.

"पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"मॅडम, जुना चोर आहे तो. कोर्टात स्वतः कबूल केलंय."

आतल्या बाकावरून धोंडिरामनं तिला पाहिलं. यावेळी तो नाही म्हणाला नव्हता. विचारण्याआधीच त्यानं अंगठा दिला होता, शाई अजून ओली होती. सोनूबाई दारापाशी उकिडवी बसलेली. तिनं माधुरीला काहीच विचारलं नाही.

माधुरीनं श्रुतिकाला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर श्रुतिका म्हणाली, "येते, मॅडम. पण यावेळी काही होईल असं नाही वाटत."

"मलाही नाही वाटत," माधुरी म्हणाली, आणि सोनूबाईच्या शेजारी लादीवर बसली.