दोघांनी बसायचा बाक

मित्रांनो, या, बसा. पण टोकाला नको हं, मधोमध बसा! मी एक जुना बाक आहे आणि माझ्या टोकाला कुणी एकटं बसलं की मी सरळ उलटतो. यात माझा दोष नाही. मला घडवणाऱ्या सुताराला घाई होती. कडेला लावायचे पाय त्याने मध्याकडे लावले. मला चर्चच्या व्हरांड्यात ठेवलं, त्याच दिवशी एक जाडजूड गृहस्थ धपकन खाली आले. सगळे हसले. सुतार ओशाळला आणि मला परत न्यायला निघाला.

"राहू दे रे," तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, "मला असाच बाक हवा होता."

त्यांनी नियम घातला. चर्चच्या मंडळीत कुणाचं कुणाशी बिनसलं, तर दोघांनी माझ्या दोन टोकांना बसून बोलायचं. एक जण तरातरा उठून गेला की दुसरा आपटणार. म्हणून आधी "उठू का?" असं विचारायचं आणि दोघांनी एकदमच उठायचं. तावातावाने आलेली माणसंसुद्धा शेवटी एकमेकांना सांभाळून उठायची. पाळकसाहेब म्हणायचे, "राग येणारच. पण डोकं ताळ्यावर ठेवणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. प्रभूने आपल्याला टाकलं नाही, मग आपण कुणाला कशाला टाकायचं?" किती भाऊ, किती जावा माझ्यावर बसून गेल्या! त्यांच्या बसण्याने माझं लाकूड गुळगुळीत झालं.

पुढे पाळकसाहेब वारले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. सात वर्षं माझ्यावर कुणी बसलं नाही, एक मांजर सोडलं तर. लोकांची भांडणं काही संपली नव्हती. ती आता फोनवर व्हायची. तिथे उठताना कुणाला विचारावं लागत नाही.

खोलीच्या खिडकीतून मला चर्चच्या पायऱ्या दिसत. एका रविवारी तिथे एक लहान मुलगी खेळत होती. मागून ऑर्गनवाले काका आले. चाळीस वर्षं ते उपासनेत ऑर्गन वाजवत होते. घरी एकटेच, मंडळी हेच त्यांचं गणगोत. काकांनी अचानक त्या मुलीचा दंड धरून तिला खसकन ओढलं. तिने भोकाड पसरलं. तिची आई धावत आली आणि काकांकडे रागाने बघत तिला घेऊन गेली.

रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई तेव्हा फाटकाजवळून मुलांचं चित्रण करत होत्या. त्यांच्या फोनमध्ये अकरा सेकंद आले, पण पायरीवरचा विंचू आला नाही. मी तो पाहिला, मित्रांनो! काकांनी मुलीला ओढलं नसतं तर तिचा हात त्याच्यावरच पडला असता. पण बाकाला कोण विचारतं?

बाई मनाने चांगल्या, पण त्यांचं डोकं भडकलं. "बघा आपले देवमाणूस!" असं लिहून त्यांनी ते चित्रण सगळ्यांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत काकांना कधी न पाहिलेले लोकही त्यांना शिव्या घालू लागले. "तूर्त येऊ नका," असा मंडळीचा निरोप त्यांना गेला. ऑर्गनवर कापड पडलं.

पंधरा दिवसांनी त्या मुलीने बाईंच्या वर्गात चित्र काढलं. एक पायरी, एक विंचू आणि मोठ्या हातांचे काका. बाईंनी तिला विचारलं, तेव्हा विंचवाची गोष्ट कळली. त्यांनी खरं काय ते लिहून सगळ्यांना पाठवलं, पण ते कुणी पुढे पाठवलंच नाही. मग बाई काकांच्या घरी गेल्या. दार उघडलं नाही. शेवटी त्यांनी फटीतून चिठ्ठी सरकवली, 'दर रविवारी मी त्या जुन्या बाकावर तुमची वाट बघेन.'

बाईंनी मला ओढत व्हरांड्यात आणलं, पुसलं आणि त्या मधोमध बसल्या. एकट्या माणसाला तेवढीच जागा.

"बाई, उगाच बसता. ते काही यायचे नाहीत," लोक जाताजाता म्हणत.

"येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर पुढच्या रविवारी बसेन."

असे पाच रविवार गेले. बाई हात जोडून मनातल्या मनात प्रार्थना करत. एवढी माणसं समोरून जात होती, पण आम्ही दोघं फार एकटे होतो.

सहाव्या रविवारी काका आले. खंगले होते. "सरक," ते म्हणाले.

"काका, मी पडेन."

"ठाऊक आहे. एकदम बसू."

दोघं एकदम बसले.

"मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, काका. चुकले मी."

"चाळीस वर्षं वाजवलं गं तुमच्यासाठी," काकांचा आवाज फाटला. "एकानेही येऊन विचारलं नाही."

बाई रडू लागल्या. काकांनी त्यांना गप्प केलं नाही, आणि ते उठलेही नाहीत.

मित्रांनो, मला नवा रंग नको. माझे पायही दुरुस्त करू नका. कुणाचा राग आला तर फोन उचलण्याआधी त्याला माझ्यावर आणून बसवा आणि विचारा, एवढंच माझं मागणं आहे.

व्हरांडा रिकामा झाला तेव्हा बाईंनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "उठू का?"

"बस जरा," काका म्हणाले. "घरी कुणी नाही माझं."