सात भोकांची भिंत

मी एक जुना दगड आहे. अशी गोष्ट सांगताना समोरच्यांना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. त्यावरून लगेच जवळ येऊन बसू नका. माणसांविषयी माझं मत चांगलं नाही आणि ते का नाही, हेच मला सांगायचं आहे.

मी जन्मलो तेव्हा दगड नव्हतो, डोंगराच्या अखंड कातळाचा भाग होतो. दिवसा ऊन मला तापवायचं, रात्री थंडी गारठवायची. फुगायचं, आकसायचं, पुन्हा फुगायचं. हजारो वर्षं हा छळ चालला आणि अंगाला एक बारीक भेग पडली. भेगेत पाणी शिरलं. पाण्यामागून एका झुडपाचं मूळ आलं आणि घरच्यासारखं पाय पसरून बसलं. त्या मेल्या मुळानं मला कातळापासून तोडलं. मग माझ्या अंगाचे कांद्यासारखे पापुद्रे निघाले, त्यांचा भुगा झाला आणि भुग्याची माती झाली. तुमच्या पुस्तकात याला विदारण म्हणतात आणि दोन गुणांसाठी पाठ करतात. ती माती पावसानं उताराला लावली, ओढ्यानं नदीत नेली. डोंगर असाच रोज थोडा थोडा खाली येत असतो. दऱ्या, मैदानं, तुमची पिकाऊ जमीन, सगळं आमच्या झिजण्यातून झालं. त्याबद्दल आजवर कुणी आभार मानलेले नाहीत.

उतारावर लोळत पडलो होतो तेव्हा एका गवंड्याच्या नजरेला मी पडलो. पायथ्याशी डोंगर खोदून एकानं लाँड्रीसाठी सपाट जागा केली होती. वरची माती अंगावर येऊ नये म्हणून मागे भिंत हवी होती. गवंड्यानं मला छिन्नीनं ताशीव केलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि खालून तिसऱ्या थरात बसवलं. भिंतीच्या पायाशी त्यानं ओळीनं सात भोकं ठेवली आणि त्यांच्या मागे खडी भरली.

"नव्या भिंतीला भोकं कशाला?" लाँड्रीवाल्यानं विचारलं.

"डोंगर पाणी पितो, मालक," गवंडी म्हणाला. "ते कुठून तरी बाहेर येणारच. वाट ठेवली नाही तर भिंत घेऊन येईल."

माणसांपैकी एवढ्या एकाबद्दल माझी तक्रार नाही. तीस वर्षं भिंत जागची हलली नाही. येणारे-जाणारे थाप मारून म्हणायचे, काय भक्कम काम आहे. मी पाठीवर डोंगर पेलत होतो आणि ही मंडळी कौतुक करून चहाला जात होती.

पुढे लाँड्रीवाला म्हातारा झाला. कारभार सुनेकडे गेला आणि तो भिंतीला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत इस्त्री करू लागला. सून वाईट नव्हती. हे कबूल करायला मला आवडत नाही. दिवसभर पाण्यात हात घालून तिची बोटं सोलवटली होती. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी ती भिंतीपुढच्या अंगणात वाळत घालायची आणि पाऊसकाळात आमच्या भोकांतलं गढूळ पाणी त्यांच्यावर उडायचं. एकदा दवाखान्यानं अख्खा गठ्ठा परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी तिनं एक नवा कारागीर बोलावून सातही भोकं सिमेंटनं बुजवली.

"अगं, ती मुद्दाम ठेवलेली आहेत," म्हातारा म्हणाला.

"मग दवाखान्याला काय सांगू, बाबा? आमच्या डोंगराला सर्दी झालीय?"

म्हातारा हसला आणि त्यानं इस्त्री तापायला ठेवली. त्याला सगळं माहीत होतं. तो हसला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात सलग चार दिवस पाऊस पडला. मागची माती पाणी पिऊन फुगली. डोंगराला खाली यायचंच होतं आणि आता त्याच्या वाटेत मी होतो. भिंतीला पोट आलं. इस्त्रीच्या खोलीतली फळी पुढे झुकली आणि तिच्यावरचा घड्यांचा ढीग घसरून पडला. म्हाताऱ्यानं तो रचला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यानं हात लावून भिंत पाहिली, हातोडा घेतला आणि एका भोकाचं सिमेंट फोडलं. चिखलाची चिळकांडी थेट अंगणातल्या छपराखालच्या चादरींवर गेली.

सून धावत आली. "बाबा, काय करताय हे? दोनशे चादरी आहेत."

"राहू देत चादरी. बाहेर चल."

ती ऐकेना. चादरी ओढून काखेत कोंबू लागली. उभ्या जन्मात आवाज न चढवलेल्या त्या माणसानं तिचं मनगट धरलं आणि तिला फरफटत रस्त्यावर नेलं. त्यांच्यासाठी मी तग धरला, असं कृपा करून समजू नका. मातीला जिंकायला थोडा उशीर झाला, एवढंच. मग आम्ही सगळे खाली आलो. इस्त्रीचं टेबल, खोली, चादरी, काही उरलं नाही.

बघायला गर्दी जमली. जुन्या दगडांचा काही भरवसा नाही, असं एकमतानं ठरलं. आता तिथे काँक्रीटची भिंत आहे, गुळगुळीत, भोक एकही नाही. ठेकेदार म्हणाला, हिच्यातून थेंब झिरपणार नाही. सुनेला बरं वाटलं. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं.

मित्रांनो, मला गटाराच्या कडेला टाकलं आहे. माझी काळजी घ्या वगैरे मी म्हणणार नाही. माझी माती होईल, एखाद्या पावसात ती नदीला लागेल आणि त्यात माझं काही बिघडणार नाही. पण परवापासून पाऊस लागलाय आणि म्हाताऱ्याचं नवं टेबल पुन्हा त्या नव्या भिंतीला टेकवलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं जात असेल तर आत जा, हातोडा मागा आणि आधी त्याला तिथून उठवा. तो आपणहून उठणार नाही. सुनेनं एवढ्या हौसेनं भिंत बांधलीय, तिला वाईट वाटेल.