करीच्या दिवशीचं उघडं चाक

ग्रीसचा गोळा तळहातावर घेऊन बेअरिंगच्या कडेने आत दाबताना एक ओला, दबका आवाज होतो. माझ्या वहिनीची आठवण मला आधी त्या आवाजातून येते, चेहरा मागाहून येतो. मोहगावच्या आमच्या अंगणात, श्रावण सरतानाच्या पांढुरक्या उन्हात, पोत्यावर बसलेली शालूवहिनी. हात कोपरापर्यंत काळे आणि कपाळावरचं कुंकू मात्र जसंच्या तसं. सौसरला तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि त्यांनी लेकीला हे काम डोळ्यांआधी बोटांनी शिकवलं होतं. चाक फिरवत फिरवत नट पुरता आवळायचा आणि मग किंचित मागे सोडायचा. ते किंचित म्हणजे किती, हे तिच्या मनगटालाच ठाऊक.

माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा तो नट स्वतः आवळला आणि बेअरिंग जळून भरली ट्रॉली भर रस्त्यात बसली. त्या दिवसापासून वहिनीच्या हाताशिवाय चाक लागत नाही, असं सारा मोहल्ला कौतुकाने म्हणू लागला. कौतुकाचं दावं मऊ असतं, त्याचा वळ उठत नाही, म्हणून ती बांधली गेली आहे हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मीही त्या कौतुक करणाऱ्यांतलीच.

आमच्याकडे पोळ्याला बैलांबरोबर ट्रॉलीलाही नदीत आंघोळ घालतात. सकाळची शेवटची खेप घाईघाईने टाकून तापल्या चाकांनिशी ट्रॉली थेट पाण्यात उतरते, आणि तापलेलं चाक गार पाणी आत ओढून घेतं. मग आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं होतं आणि दुसऱ्या दिवशी चाक उघडून नवं भरावं लागतं.

"ट्रॉली थंडी होऊ द्या न, मंग घाला पाण्यात," वहिनी दरवर्षी सांगायची.

"सणाच्या दिवशी लक्ष्मीला का ताटकळत ठेवाचं?" दादा हसून म्हणायचा आणि ट्रॅक्टर सुरू करायचा.

त्यामुळे पोळ्याचा दुसरा दिवस, करीचा, तिच्या नशिबी कायमचा अंगणातच. मी नणंद, सणाला हक्काने माहेरी यायची, पुरणपोळ्या खायची आणि ओट्यावर बसून तिचं काम बघायची. तिचं माहेर बसने अर्ध्या तासावर होतं, पण लग्नानंतरच्या एकाही करीला ती तिथे पोचली नव्हती.

यंदा मात्र तिची पिशवी आदल्या दिवशीच भरलेली होती. तिच्या वडिलांच्या मनातली माणसांची ओळख पुसट होत चालली होती; नातवंडं केव्हाच पुसली गेली होती, उरली होती फक्त लेक. करीच्या सकाळी तिच्या भावाचा फोन आला.

"बाबा आज पहाटेपासून शालू शालू करून राहिले. आज ओळख आहे. उद्याचं मी नाही सांगू शकत."

तोवर आमची ट्रॉली जॅकवर चढली होती आणि दोन्ही चाकं निघालेली होती. आईने, म्हणजे तिच्या सासूने, सकाळीच सांगितलं होतं, एवढं करून जा, तुला का वेळ लागते. आत पाहिलं तर एका बेअरिंगवर गंज धरलेला. नवं आणायला दादा पांढुर्ण्याला गेला. सणामुळे दुकानं बंद, त्यातलं एक उघडायला लावून तो परतेपर्यंत दुपारची बस गेली.

"वहिनी, तुम्ही जा. राहू द्या हे असंच," मी म्हटलं.

तिने मान वर न करता डिझेलमध्ये बेअरिंग धुतलं. "उद्या सकाळी निंदणाच्या बाया बसतीन या ट्रॉलीत. हे कोणीतरी घाईनं आवळून देईन, अन् चाक निघन. मंग?"

 खरं सांगायचं तर, एक दिवस ट्रॉली उभी ठेव, एवढं दादाला सांगता आलं असतं; मी ते सांगितलं नाही. तिने चाक हातानेच गर्रकन फिरवलं, कान लावला, पुन्हा नट सैल केला. उन्हं कलली तेव्हा दुसरं चाक लागलं. शेवटची बसही तोवर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत सौसरला गेले. तिचे वडील खाटेवर बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला. तिला पाहून त्यांनी हात जोडले.

"या, बसा. कोणाकडे आल्या जी?"

वहिनी उंबऱ्यातच थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शालूला भेटाले आली होती."

"बसा मंग. पोरगी येऊनच राहिली आज. मी कालपासून वाट पाहून राहिलो."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि दोघांनी मिळून दुपारभर शालूची वाट पाहिली. माणूस जातं आणि आठवण मागे राहते, असं मी आजवर समजत आले होते. त्या खाटेवर आठवण निघून गेली होती आणि माणूस येऊन बसलं होतं, एकाच दिवसाच्या उशिराने, आणि तो दिवस आम्ही ठेवून घेतला होता.