न लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रॉक्सी सर्व्हर आहे. नाव जड असले तरी काम सोपे, निरोप्याचे. कुणाला इंटरनेटवरचे एखादे पान हवे असते, पण आपण कोण हे कळू द्यायचे नसते. तो मला सांगतो. मी माझ्या पत्त्यावरून ते पान मागतो आणि गुपचूप त्याच्या हाती ठेवतो.

एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या फळीवर माझा मुक्काम होता; इंटरनेटवरचा पत्ता मात्र वेगळा, कचेरीच्या नावाशी न जोडलेला. प्रोग्रामर दादा नवखा असताना माझ्यावरच शिकला. सकाळी फडक्याने माझी धूळ पुसत म्हणायचा, "काय आजोबा, दम आहे ना अजून?" मग माझा पंखाही जरा ऐटीत फिरायचा.

एकदा बातमीदार ताईंनी एका कारखान्याचा माग घेतला. तो नदीत घाण सोडायचा आणि आपल्या संकेतस्थळावरचे पाणी-तपासणीचे आकडे हळूच बदलायचा. ती पाने सतत मागवणारा प्रोग्राम दादाने लिहिला. त्यात एक ओळ होती: साध्या वाटेने जाताना आजोबांकडून जा. मी इमानाने फेऱ्या मारल्या. कारखान्याला सुगावा लागू दिला नाही.

पुढे कारखान्याने साधी वाट बंद करून कुलूपबंद, सुरक्षित वाट सुरू केली. दादाने प्रोग्राममध्ये पानांचे पत्ते बदलले, 'http'चे 'https' केले. पण या नव्या वाटेनेही आजोबांकडूनच जा, हे लिहायचे राहिले. प्रोग्राम मला वगळून, कचेरीच्याच पत्त्यावरून थेट कारखान्याच्या दारात जाऊ लागला. इकडे फेरीगणिक चमकणारा माझा दिवा लुकलुकेना. मला वाटले, म्हाताऱ्याला विसावा दिला असेल.

मग कारखान्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "काय हो ताई, आमची पानं तुमच्या ऑफिसातून कोण चाळतंय इतकं?" त्याच दिवशी ती पाने गायब झाली. बातमी अर्ध्यातच बुडाली.

"सगळी मेहनत पाण्यात!" ताई कळवळल्या. "फुटलं कसं रे?"

"आजोबांनीच दगा दिला," दादा म्हणाला. "म्हातारा फितूर निघाला."

फितूर! माझी वायर उपटून मला कोपऱ्यात सरकवले गेले.

माझ्या फळीवर नवे यंत्र आले. दादाने चाचणीसाठी त्याच प्रोग्रामने सुरक्षित वाटेवरचे एक पान मागवले. पान आले, पण नव्याचाही दिवा लुकलुकला नाही. दादा चपापला. त्याने प्रोग्राम उघडला. ओळींवरून फिरणारे बोट एका जागी थांबले. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हा बोलेल.

त्याने राहिलेली ओळ लिहिली. नव्याचा दिवा लुकलुकला.

"सापडलं का, गळत होतं कुठे?" ताईंनी दारातून विचारले.

"त्या जुन्या डब्यातच," तो म्हणाला. "सांगितलं नव्हतं का?"

आजोबांचा डबा झाला, मित्रांनो.

यंत्र झिजले तर खुशाल भंगारात काढा, माझी तक्रार नाही. पण दोष देण्याआधी आपण काय लिहिले ते एकदा वाचा. आणि चूक आपलीच निघाली, तर ती मोठ्याने बोलून दाखवा.

माझ्यावर आता धूळ साचली आहे. फडके मात्र अजून दादाच्याच खणात आहे.