पाठीवरचा नंबर

जुना ट्रॅक्टर ओळखायचा तर त्याचं तोंड बघू नये, पाठ बघावी. हे मी गेली चाळीस वर्षं येईल त्याला ऐकवतोय. लोकांचे कान किटले, पण माझं तोंड काही थांबलं नाही. ट्रॅक्टरचं तोंड म्हणजे बॉनेट. चार बोल्ट काढले की ते निघतं आणि त्या जागी दुसऱ्याचं बसतं. रंगाचं तर विचारूच नका, शनिवारी निळा असलेला ट्रॅक्टर सोमवारी लाल होऊन उभा असतो. पण मागे, सीटखाली, गिअरबॉक्सच्या ओतीव अंगावरचा चिखल खरवडला की एक नंबर लागतो. तो ओततानाच उठलेला असतो. त्याच्या शेवटच्या अक्षरावरून साल कळतं आणि सालावरून कुठला भाग बसेल ते कळतं. नंबर आणल्याशिवाय माझ्या गोदामात कोणाला साधा नटसुद्धा मिळत नाही, असा माझा लौकिक आहे.

आमच्या धंद्यात ट्रॅक्टरला कंपनीच्या नावानं कोणी हाक मारत नाही. गोल बॉनेटचा तो गोलनाक्या. त्याच्यानंतर सात वर्षांनी आला तो चपट्या. दोघं सख्खे भाऊ, शंभरातले नव्वद भाग एकमेकांना चालतात. खोड आहे ती स्टिअरिंगच्या आर्ममध्ये. हा आर्म म्हणजे वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा, स्टिअरिंगच्या दांड्यावर चढतो आणि पुढची चाकं वळवतो. त्याचं भोक आतून निमुळतं असतं, दांड्याचं टोकही तसंच. गोलनाक्याचा आर्म चपट्याच्या दांड्यावर चढतो. नट आवळला की छान बसल्यासारखा वाटतो. पण तो बसलेला असतो फक्त वरच्या कडेवर. आठ-दहा दिवस चालतो, मग आतल्या आत हलू लागतो आणि एक दिवस निसटतो.

माझा जावई गेला त्याला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. कालव्याच्या भरावावरून ट्रॅक्टर खाली गेला. स्टिअरिंग फिरवत होता पण चाकं वळली नाहीत, असं पलीकडच्या शेतातल्या माणसानं पाहिलं होतं.

दुपारी मुलगी गोदामात आली. हिला मी लहानपणापासून वॉशर म्हणतो, कारण कुठल्याही फटीत जाऊन बसायची. तिची आई लवकर गेली, त्यामुळे ती या फळ्यांमधेच वाढली. सुटे गिअर म्हणजे तिच्या भातुकलीतल्या ताटवाट्या. माझ्याकडून गेलेला प्रत्येक भाग ओळखता यावा म्हणून आम्ही त्यावर टोकदार पंच ठोकून तीन ठिपके मारतो. ते ठिपके मारायचं काम दहा वर्षं तिचं होतं. एखादा वाकडा पडला की माझ्याशी दिवसभर बोलायची नाही.

तिनं पिशवीतून एक आर्म काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"बाबा, हा बघा. ह्यांच्या ट्रॅक्टरचा आहे. भरावावरच पडला होता, नटासकट."

मी हातात घेतला. बसवणाऱ्याने त्याला ट्रॅक्टरच्या रंगाचा जाडसर हात दिला होता. आतलं भोक बघायची गरजच नव्हती, पण मी बघितलं. वरच्या कडेला घासून चकाकलं होतं, खाली जसंच्या तसं काळं. माझा अंगठा सवयीनं मागच्या बाजूला गेला. रंगाखाली तीन खड्डे लागले.

"कुठून आला असेल?" तिनं विचारलं.

मला सगळं आठवलं. दीड महिन्यापूर्वी नाक्यावरचा मिस्त्री आला होता. त्या दिवशी माझ्याकडे जुन्या ट्रॅक्टरांचे दोन शौकीन बसले होते आणि मी त्यांच्यापुढे बढाया मारत होतो. डोळ्यांवर पट्टी बांधा, नुसतं वर्णन सांगा, ट्रॅक्टर ओळखून दाखवतो, असं चाललं होतं. मिस्त्री म्हणाला, "स्टिअरिंगचा आर्म हवा होता. गोल नाक आहे. नंबर लिहून आणलाय." आणि त्यानं खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली. मी म्हणालो, "ठेव ती खिशात. गोल नाक म्हणजे गोल नाक, त्याला चिठ्ठी कशाला?" ते दोघं हसले. मी न बघता मागे हात घातला, आर्म काढला, ठिपके मारले आणि दिला. ट्रॅक्टर कोणाचा, हेही विचारलं नाही.

आणि गोल नाकाचं धड चपट्याचं असू शकतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? जावयाला गोल नाकाची हौस, म्हणून दोन मोडक्या ट्रॅक्टरांचा एक करून मीच त्याला दिला होता. धड चपट्याचं आहे हे मात्र सांगितलं नव्हतं. जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनात परीक्षक खाली वाकला, नंबर वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंड आजोबांचं, धड नातवाचं!" लोक पोट धरून हसले. जावयानं त्यानंतर दोन वर्षं माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नाही. चूक माझी होती. पण मीही ताठ्यानं गप्प राहिलो.

"गोलनाक्याचा आर्म आहे," मी म्हणालो. "कुठूनही आला असेल. भंगारात पैशाला पासरी मिळतात."

"तुम्हाला नाही ओळखता येत?"

"आर्मला काय तोंड असतं?"

हे मी बोललो आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण मला तिची भीती वाटत होती. आता माझं म्हणावं अशी तीच एक उरली होती.

ती म्हणाली, "धाकट्या दिरानं तक्रारीचा कागद तयार केलाय. मिस्त्रीवर. त्यानंच चुकीचा भाग बसवला, असं. संध्याकाळी मी सही करायची आहे."

"मिस्त्री काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. दुकान बंद ठेवलंय त्यानं. बायको सांगत होती, जेवणाच्या ताटावरून उठून जातो."

तिनं आर्म पिशवीत टाकला आणि उठली. दारापर्यंत गेली. मिस्त्री सरळ माणूस. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास की मी दिलेला आर्म त्यानं मोजूनही पाहिला नसेल.

"वॉशर, थांब."

ती थांबली. मी पिशवी मागून घेतली. थिनरमध्ये बुडवलेली चिंधी आर्मच्या पाठीवर घासली. रंग सुटला आणि तीन ठिपके दिसले, एका ओळीत. मग मी तिला सगळं सांगितलं, ते दोन शौकीन, माझ्या बढाया, चिठ्ठी खिशात ठेवायला लावली ते. एक शब्द गाळला नाही. सांगताना मला वाटत होतं, याहून वाईट आता काही उरलेलं नाही.

तिनं माझ्या हातातला आर्म घेऊन ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मघाशी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी चिंधी परत थिनरमध्ये बुडवली.

"रंग असला तरी ठिपके बोटाला लागतात, बाबा. दहा वर्षं मारलेत मी." मग तिनं डावी मूठ उघडली. ती आल्यापासून मिटलेली होती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. "आणि ही आज सकाळी मिस्त्रीनं दिली. म्हणाला, ताई, आधी वाच, मग सही कर."

तीच घडी, तेलाचे डाग पडलेली. मी चष्मा लावला. अक्षर जावयाचं होतं. वर ठळक करून नंबर लिहिला होता. त्याखाली चार ओळी होत्या.

'बाबा, नमस्कार. नंबर तुम्ही सांगता तसा पाठीवरून घेतलाय. तोंड तुम्हीच बसवलंय, त्याला भुलू नका. मीच येणार होतो पण धीर झाला नाही. रविवारी दोघं येतो, जेवायलाच थांबू.'

मी ती परत वाचली. मग परत.

"तुमच्या चेष्टेला चेष्टेनंच उत्तर द्यायचं, असं म्हणत होते," ती म्हणाली. "मिस्त्रीला बजावलं होतं, नाव सांगू नकोस, चिठ्ठीच दे. त्या रविवारी आम्ही निघालोही होतो. पण आदल्या दिवशी मिस्त्री आर्म बसवून गेला, आणि तुमचा निरोप काहीच नव्हता. चिठ्ठी मिस्त्रीच्या खिशातच राहिली हे ह्यांना कुठे माहीत? वाटलं, वाचूनही तुम्ही बोलला नाहीत. अर्ध्या वाटेतून परत फिरलो."

तिनं माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली, नीट घडी घातली. आर्म पिशवीत टाकला.

"कुठे निघालीस?"

"सही करायला. कागद पुन्हा लिहून घ्यावा लागेल, मिस्त्रीचं नाव काढून."

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दारातून वळून तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

ती गेल्यावर मी नंबर मनात परत म्हणून बघितला. एकदा वाचलेला नंबर मी विसरत नाही. शेवटचं अक्षर चपट्याच्या दुसऱ्या वर्षाचं. त्याचा आर्म दुर्मीळ आहे, दोन-दोन वर्षं शोधून मिळत नाही. मी खुर्चीवरून उठून तिसऱ्या फळीपाशी गेलो. डावीकडून दुसरा. त्या दिवशी मी न बघता हात घातला होता, त्याच्या वीतभर पलीकडे तो होता. अजून तिथेच आहे.