रावजीचं जाळं

“कुनी उपटल्यान काठ्या?” रावजी ओरडला.

किनारा साफ करून कचऱ्याच्या पोत्यांपाशी फोटोसाठी उभी राहिलेली शाळेतली साठ पोरं एकदम मागं वळली. किनारा लख्ख झाला होता. इतका लख्ख, की कासवाची अंडी वाळूत कुठं आहेत ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

सातवीतली शमिका पुढं आली. “आमी काढल्या, आजोबा. तो जाळा पन काढला,” ती अभिमानानं म्हणाली. “म्याडम सकाळी बोलल्या ना, जाळ्यात अडकून कासवा मरतात म्हनून!”

रत्नागिरीहून आलेल्या मॅडमनी शाळेत तशी चित्रं दाखवली होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण हे जाळं रावजीनंच लावलेलं होतं. बोटीवरची खलाशाची नोकरी सुटल्यापासून चौदा वर्षं तो कासवांची राखण करत होता. यंदा हे एक घरटं त्याला उशिरा, दुपार उलटल्यावर सापडलं. रात्री घातलेली अंडी एवढ्या उशिरा सुरक्षित जागी हलवली तर आतलं पिल्लू मरतं. म्हणून त्यानं ती जागेवरच ठेवली, चार काठ्या ठोकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून भोवती जाळं बांधलं आणि अठ्ठेचाळीस दिवस रोज दोन खेपा घातल्या. पिल्लं आता चार-दोन दिवसांत निघणार होती. समुद्र वाचवायला सगळं जग त्याच्या किनाऱ्यावर येत होतं, पण आधी रावजीला विचारावं असं एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

“रावजीकाका, काठी खुपसून बघूया का?” दीपक गुरुजी चाचरत म्हणाले.

“खुपसा की! अंडी फुटली म्हंजे त्याचाय फोटो काढा.”

मग त्यानं पोरांनाच जागा विचारली. साठ पोरांनी साठ जागा दाखवल्या. रावजीनं कपाळावर हात मारून घेतला, पोत्यातून जाळं ओढून काढलं आणि अंदाजानं वाळूच्या एका तुकड्याला कुंपण घातलं.

तीन दिवस तो उजाडायच्या आत येऊन बसला. चौथ्या दिवशी त्याच्या आधी कुत्री आली होती. कुंपणापासून वीस पावलांवर वाळू उकरलेली होती, आत फाटकी टरफलं आणि पिल्लांचे तुकडे. पाण्यापर्यंत गेलेल्या पिल्लांच्या बारीक रेघा त्यानं दोनदा मोजल्या. शंभरेक अंड्यांमागं अकराच होत्या.

एवढ्यात शमिका दप्तर घेऊन धावत येताना दिसली. रोज शाळेआधी ती चौकशीला येई. तिला एकदा फैलावर घ्यायचं, असं रावजी चार दिवस घोकत होता. तो उठला आणि कुत्र्यांच्या पावलांवर भराभरा पाय फिरवू लागला.

“निघाली काय, आजोबा? सगळी?”

“सगळी गेली. हे बघ त्यांचे पाय.”

ती वाकून रेघा बघत पाण्याकडे निघाली. रावजी त्या उकरलेल्या खड्ड्यापुढं आडवा उभा राहिला.